काळ्या पाटीची गाडी

ती गाडी चालवायला कशी आहे, असं मला लोक अजून विचारतात. कुणाला श्रीशैलमला जायचं असतं, कुणाला बिदरला, आणि कुणाला तरी आठवतं की मी ती एकदा भाड्याने घेतली होती. मी सांगते, उंच आहे, एसी चांगला आहे, आणि कमी वेगात तिच्यात जीव नाही. एवढ्यावर विचारणाऱ्याचं भागतं. पुढचं कुणी विचारत नाही, म्हणून लिहिते.

तेव्हा हैदराबादेत कॅबवाल्यांचा संप होता. अ‍ॅपवर चालणाऱ्या टॅक्स्यांचा. कंपन्यांनी आधी ड्रायव्हरांना ‘तुम्हीच मालक’ म्हणून गाड्या घ्यायला लावल्या आणि मग एका सकाळी कुणाला न विचारता दर पाडले. मालकाला न विचारता! मी ड्रायव्हर नव्हते. विद्यानगरात राहायचे, विद्यापीठात शिकायचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्या लावून ड्रायव्हर सीट मागे टाकून झोपायचे. त्यांच्याशी बोलता बोलता मी संघटनेत गेले. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. बदल्यात मी त्यांची पत्रकं लिहायचे. छोटी वाक्यं, मोठी अक्षरं.

संपाच्या पत्रकातली एक ओळ माझी होती. पांढरी पाटी जाऊ द्या. पिवळी पाटी, काळी पाटी, एकही चाक फिरता कामा नये. पांढऱ्या पाटीची गाडी म्हणजे घरची, पिवळ्या पाटीची म्हणजे टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असले की ती भाड्याने घेऊन आपण स्वतः चालवायची गाडी. संप फोडायला कंपन्या असल्याच गाड्या रस्त्यावर आणणार, अशी कुणकुण होती, म्हणून काळी पाटी मुद्दाम घातली. रुग्णांना सूट द्यायची का, यावर बैठकीत भांडण झालं. मागच्या संपात फुटीर लोकांनी काचेवर ‘पेशंट’ लिहून विमानतळाची भाडी मारली होती. तेव्हा ठरलं, अ‍ॅम्ब्युलन्स सोडायची, बाकी कुणी नाही. मला ते बरोबर वाटलं. अजूनही वाटतं. ज्या संपात प्रत्येकाला सूट आहे तो संप नव्हे, ती रजा.

आणि माझ्या घरात अप्पा होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. उदगीरकडच्या शेतकरी घरातला माणूस, पण शेतीत मन नव्हतं. अफझलगंजमध्ये त्यांनी पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचं दुकान चालवलं, आणि मूत्रपिंडं गेली तेव्हा ते बंद केलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. शरीरात साचलेलं पाणी आणि घाण मशीनने काढायची, नाही काढली तर पाणी छातीत चढतं. आमच्या घराजवळचं केंद्र चालवणाऱ्यांना परवडेना म्हणून बंद झालं. रुग्ण होते, मशीनं होती, नफा नव्हता. मग जागा मिळाली ती थेट कुकटपल्लीला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मेट्रोचे खांब रस्त्याच्या मधोमध उभे होते, त्यावरून गाडी काही अजून धावत नव्हती. जायचं कशाने, तर कॅबने.

संपाच्या पहिल्याच दिवशी अप्पांची पाळी होती. ती चुकली. ऑटोही संपात होते. सिटी बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि असती तरी त्यांना ती पायरी चढवली नसती. तिसऱ्या दिवशी पुढची पाळी, सकाळची. आदल्या रात्री ते आडवे झालेच नाहीत. आडवं झालं की गुदमरायचं. उशा पाठीला लावून बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. दुसरी पाळी चुकली तर काय होईल हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. अ‍ॅम्ब्युलन्सला मी फोन केला. पलीकडच्या बाईने विचारलं, शुद्धीवर आहेत का? म्हटलं, आहेत. मग म्हणाली, डायलिसिसला नेणं इमर्जन्सीत येत नाही. म्हणजे बेशुद्ध पडायची वाट बघायची.

म्हणून मी भाड्याची गाडी घेतली. लहान गाड्या सगळ्या गेल्या होत्या. संपामुळे कधी नव्हे तेवढी मागणी आली होती. संप आमचा आणि धंदा भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्यांचा, हे त्यांच्या अ‍ॅपवर बोट फिरवताना बघितलं आणि तोंड कडू झालं. उरली होती ती एक छोटी एसयूव्ही, टर्बो डिझेल.

सकाळी कंपनीच्या तारनाक्यातल्या आवारात ती उभी होती. पांढरीशुभ्र, फुगलेली. पुढे गेले आणि पाटी बघितली. काळी. त्यावर पिवळे आकडे. आता हे मला ठाऊक असायला हवं होतं, ती ओळ माझीच होती. पण माझ्या डोक्यात अप्पांची गाडी आणि पत्रकातली गाडी या दोन वेगळ्या गाड्या होत्या. इतक्या सकाळी गाड्या अडवायला नाक्यावर कोण असणार, असं म्हणून मी आत बसले.

चावी घालायला भोक शोधलं, नव्हतं. बटण होतं. दाबलं तर सगळे दिवे लागले, इंजिन गप्प. क्लच दाबून बटण दाबायचं, हे कळायला वेळ गेला. सीटवर बसल्यावर आपण रस्त्याचे मालक आहोत असं वाटतं, तेवढ्यासाठीच ती उंची दिलेली आहे. खालचं काही दिसत नाही. विद्यानगरच्या गल्लीत शिरताना एक कुत्रं पुढच्या चाकापाशी होतं ते मला भुंकण्यावरून कळलं.

अप्पा दारात खुर्चीवर बसून होते, डाव्या हाताला फडकं गुंडाळून. गाडी बघून डोळे चमकले. बाजारावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितलेला माणूस. त्यांच्यासाठी उदारीकरण म्हणजे मोकळा श्वास, माझ्यासाठी मी जन्मले त्याच्या आधीच झालेला एक सौदा. घरात यावर रोज जुंपायची.

“बघ पोट्टे,” ते म्हणाले, “फोनवर बोट लावलं आन् गाडी दारात. तुझ्या लाल झेंड्यानी आणली असती का?”

“अप्पा, बोलू नका. दम लागतो.”

“दम लागतो म्हणूनच बोलून घेतो.” मग त्यांची नजर पाटीवर गेली. पत्रक त्यांनीच आधी वाचलं होतं, चुका काढायला. “ही तर काळी पाटी हाय.”

“हौ.”

“म्हंजे तू सोताला अडवणार का?”

मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. गाडी एवढी उंच की त्यांना चढवेना. घरातून प्लास्टिकचं स्टूल आणलं, त्यावर एक पाय, मग मी मागून रेटलं. सीटवर पडल्यावर ते बराच वेळ नुसते तोंड उघडं टाकून हवा ओढत राहिले. तेवढ्या चढण्यात. मी बेल्ट लावला तर छातीवर नको म्हणाले. बेल्ट न लावल्याबद्दल गाडी सिकंदराबादपर्यंत टिंग टिंग करत राहिली.

आता चालवण्याबद्दल. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो आत जास्त हवा कोंबतो. म्हणजे इंजिन आधीच जोरात असेल तर पंखा फिरणार, आणि पंखा फिरला तर इंजिन जोरात येणार. ज्याच्याकडे आहे त्यालाच मिळणार. सिग्नलवरून निघताना तुम्ही पाय दाबता, काही होत नाही. आणखी दाबता, काही होत नाही. मागचा हॉर्न मारतो. आणि मग एकदम पाठीत लाथ बसल्यासारखी गाडी उडी घेते आणि तुम्ही पुढच्या बसच्या मागच्या दिव्यांशी जाऊन ब्रेक मारता. मोकळ्या हायवेवर याला मजा म्हणत असतील. माझ्या शेजारी पोटात मळमळ घेऊन बसलेला माणूस होता. प्रत्येक उडीला त्यांचा हात डॅशबोर्डावर आपटत होता, आणि प्रत्येक ब्रेकला त्यांच्या घशातून एक आवाज येत होता.

बेगमपेटच्या पुलावर तर हद्द झाली. चढावर समोरचं वाहन अडखळलं, मला पहिल्या गियरवर यावं लागलं, आणि गाडी मेली तशी मागे सरकायला लागली. मी पाय दाबला. ती विचार करत होती. मग सुटली.

“तुझ्या सरकारसारखीय,” अप्पा डोळे मिटूनच म्हणाले. “आधी ऐकत नाही. ऐकलं की अंगावर येती.”

“माझं कुठलं सरकार? तुमचं.”

“बरं, आपल्या दोघांचं.”

त्यांना हसू आलं आणि त्याचा खोकला झाला. खोकला थांबेना. ओठ निळसर दिसत होते की पुढच्या काचेचा वरचा रंगीत पट्टा त्यांच्यावर पडत होता, हे मला ठरवता येईना. त्यांना पाणी द्यायची सोय नाही, पाणी हाच तर आजार. लिंबाची एक फोड डबीत घेतली होती, ती चोखायला दिली. अमीरपेटच्या सिग्नलवर गाडी थांबली आणि इंजिन आपोआप बंद झालं. तेल वाचवायला म्हणे. अप्पांनी दचकून माझा दंड धरला. “बंद पडली?” मी म्हटलं, नाही, तशीच असते. पण त्यानंतर प्रत्येक सिग्नलला ते माझा दंड धरायचे. बोटांत जोर नव्हता. हे मी या गाडीच्या जाहिरातीतल्या हसऱ्या कुटुंबाला सांगू इच्छिते.

एर्रागड्ड्याला संपवाल्यांचा नाका होता. लांबूनच झेंडे दिसले. मी लेन बदलायचा विचार केला, पण मधोमध मेट्रोचे खांब आणि पत्र्यांचं कुंपण, उजवीकडे वळायला जागाच नाही. एक तरुण ड्रायव्हर रस्त्यात आडवा आला. हात वर.

आमच्या नाक्यांची एक पद्धत होती. आधी घोषणा, मग ड्रायव्हरला हात जोडायचे, आणि तरी तो पुढे रेटू लागला तर चाकाच्या व्हॉल्व्हमधली पिन काढायची. काच फोडायची नाही, माणसाला हात लावायचा नाही. नुसती हवा. मी काच खाली करून बोलेपर्यंत घोषणा झाली होती आणि दुसऱ्या कुणीतरी मागच्या चाकापाशी बसून पिन काढलीही होती. सूं असा आवाज आला आणि गाडी एका अंगावर कलली. मी रेटत नव्हते. पण थांबताना मागे बघता बघता माझा क्लच सुटला तेव्हा ती नेहमीसारखी उडी मारून पुढे गेली होती, आणि त्यांना वाटलं मी रेटतेय.

मी उतरून ओरडले. “पागल है क्या? पेशंट है अंदर!”

“सब पेशंटइच लाते अक्का,” तो तरुण म्हणाला. चिडून नाही, कंटाळून. “कल एक बच्चे को पट्टी बांध के लाया. पट्टी पे खून की जगह टमाटे का सॉस था.”

“मैं यूनियन की हूं. वो पर्चा मैंने लिखा है.”

“हौ? फिर पढ के सुनाऊं क्या आपको?” आजूबाजूचे हसले. पत्रकावर नाव नसतं, समितीची सही असते. तोही माझाच आग्रह.

आमच्या मागे एक पिवळ्या पाटीची टॅक्सी अडकली होती. त्यात सुटाबुटातला एक माणूस बॅग मांडीवर घेऊन बसलेला, त्याचं विमान चुकत होतं. त्याने डोकं बाहेर काढलं. “यांना सोडणार असाल तर आम्हालाही सोडा.” त्याच्या मागे आणखी एक हॉर्न. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला त्या सगळ्यांचा संताप आला. त्या तरुणाचा सगळ्यात जास्त, कारण तो मी सांगितलं तसंच वागत होता.

अप्पांनी काच खाली केली होती. त्यांनी त्याला बोलावलं. “इधर आओ बेटा.” तो वाकला. अप्पांनी डाव्या हाताचं फडकं सोडलं. डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून त्या हातात शीर आणि धमनी जोडलेली असते. ती जागा दोरखंडासारखी फुगते आणि आतून सतत थरथरते. अप्पांनी त्याचा पंजा धरून तिच्यावर ठेवला.

तो हात झटकून मागे झाला. “ये क्या है चाचा?”

“मोटर है,” अप्पा म्हणाले. “आज बंद होने को आई.”

त्या तरुणाने शर्टाला तळहात पुसला, मग पुसल्याची लाज वाटून परत काचेशी आला. एवढ्यात पलीकडच्या टपरीवरून आमच्या समितीतले एक वयस्क ड्रायव्हर आले. त्यांना सगळे मामू म्हणायचे, मला क्लच कसा सोडायचा ते त्यांनीच शिकवलं होतं. मला बघून त्यांचं तोंड उतरलं. मग पाटीकडे बघितलं, मग मागच्या टॅक्सीकडे.

“मामू, सांगा यांना. हवा भरायला लावा.”

“गाडी नहीं जाती बेटा.”

“मामू!”

“एक गयी तो लाइन गयी. तूच बोली थी बैठक में.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “गाडी नहीं जाती. अब्बा जाते.”

त्यांची मोटरसायकल झाडाखाली उभी होती. पांढरी पाटी. मी म्हटलं, ते बसू शकत नाहीत, रस्त्यात पडतील. मी म्हटलं, तुम्हाला लाज वाटत नाही का. आणखीही बरंच म्हटलं, ते लिहीत नाही. मामूंनी ऐकून घेतलं आणि मोटरसायकल आणली. त्या तरुणाने आणि त्यांनी मिळून अप्पांना खाली उतरवलं. ज्या उंचीवर मी त्यांना रेटून चढवलं होतं तिथून ते दोघांच्या खांद्यावर घसरत खाली आले, आणि पाय जमिनीला लागल्यावर उभे राहू शकले नाहीत.

पुढे मामू, मध्ये अप्पा, मागे मी. अप्पांचं डोकं मामूंच्या पाठीवर आडवं. माझे हात अप्पांच्या कमरेभोवतून मामूंच्या पट्ट्यात अडकवलेले, म्हणजे ते कुठल्याही बाजूला गेले तर माझ्या हातात येतील. त्यांची छाती माझ्या दंडांत चालत होती, भराभर, उथळ. मूसापेटच्या पुढे एका खड्ड्यात ते इतके हलके झाले की मी त्यांना हाक मारली. उत्तर आलं नाही. परत मारली.

“गप बस,” ते म्हणाले. “मोजतोय.”

काय मोजत होते ते विचारलं नाही. श्वास असतील. मी रडत होते आणि वाऱ्याने ते मागे जात होतं, एवढं बरं.

केंद्रावर पोचलो तेव्हा उशीर झाला होता. काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर बघून सांगितलं, पाळी गेली, मशीन दुसऱ्याला दिलं, वेळेवर नाही आलं तर देऊन टाकायची सिस्टीम आहे. मी काउंटरवर हात आपटला. माझ्या तोंडून पत्रक बाहेर पडायला लागलं, मोठ्या अक्षरांतलं सगळं. ती बिचारी मागे सरकली. तिच्याही पाळ्या कंत्राटावर, हे मला तिच्या गळ्यातल्या कंत्राटदाराच्या नावाच्या पट्ट्यावरून दिसत होतं आणि तरी मी थांबले नाही. थांबवलं ते आतल्या नर्सने. तिने अप्पांकडे एकदा बघितलं, चाकाची खुर्ची ओढली आणि म्हणाली, “अर्धा वेळ मिळेल. पूर्ण चार तास नाही. पुढचा पेशंट उभा आहे.”

अर्धा वेळ. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मामू दाराशी चप्पल घालून उभे होते. आत बोलावलं तर आले नाहीत. नाक्यावर जायचंय म्हणाले. मी आभार मानले नाहीत. मला मानता आले नाहीत, आणि त्यांनीही वाट बघितली नाही.

सुया टोचल्या. नळीत रक्त चढलं. हळूहळू अप्पांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, पण पूर्ण नाही. नर्स म्हणाली, आज जेवढं निघालं तेवढं निघालं, पुढची पाळी अजिबात चुकवू नका, यावेळी अंगात पाणी बाकी राहतंय. तेवढ्यात फोन थरथरला. भाड्याच्या कंपनीचा निरोप. गाडी एका जागी बेवारस आढळली, सबब माझं खातं बंद. यापुढे मला त्यांची गाडी मिळणार नाही. विनम्र.

“काय म्हणतात?” अप्पांनी विचारलं.

“काही नाही. जाहिरात.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “परवा परत यायचंय.”

“हो.”

“परवापर्यंत मिटेल का गं तुमचा संप?”

संप ठरल्यापासून त्यांनी त्याबद्दल पहिल्यांदाच साधं विचारलं होतं, टोमण्याशिवाय. परवापर्यंत मिटायचा तर एकाच प्रकारे मिटू शकत होता, आम्ही माघार घेऊन. कंपन्या बोलायलासुद्धा तयार नव्हत्या. खोटं बोललं असतं तर अप्पांना कळलं असतं.

“नाही, अप्पा. नाही मिटणार.”

मग नळ्या नसलेला उजवा हात त्यांनी पलंगाच्या कडेला टेकवला, त्याखालचं रेक्झिन चाचपून बघितलं.

“मग विचार त्या नर्सला,” म्हणाले, “परवापर्यंत मला इथंच कुठं बसू देतील का. बाकावर बी चालंल.”

मी विचारायला उठले.